आत उघडणारं दार

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी हॉस्पिटलच्या नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या सात नंबरच्या खोलीच्या बाथरूममध्ये बहात्तर वर्षांची एक पेशंट पडली. दाराला आतून कडी होती. खोलीत तेव्हा पाच माणसं उभी होती आणि तो आवाज पाचही जणांनी ऐकला.

पाचांतले तिघे पाहुणे होते. दुसऱ्या एका हॉस्पिटलला नवी इमारत बांधायची होती, म्हणून त्यांची समिती ही इमारत पाहायला आली होती. चौथ्या होत्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर. पाचवी, इमारतीचं डिझाइन करणारी आर्किटेक्ट, खिडकीपाशी उभी राहून सांगत होती की खिडकीची कड पलंगाच्या उंचीला घेतली आहे, कारण आडव्या पडलेल्या माणसाला छताखेरीज काहीतरी दिसायला हवं. बाथरूममध्ये पडलेली पेशंट तिची आई होती.

आईला दोन दिवसांपूर्वी छातीत धडधडतं म्हणून दाखल केलं होतं. काळजीचं कारण नव्हतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं प्रमाण नीट बसेपर्यंत ठेवायचं, इतकंच. पाहुणे सातमध्ये आणायचे हे आर्किटेक्टनेच ठरवलं होतं. अनोळखी पेशंटच्या खोलीत घुसण्यापेक्षा घरचं माणूस बरं, असा तिचा हिशेब. सकाळी तिने आईला विचारलं तेव्हा आई म्हणाली, "ठमे, तुझे पाहुणे येणार आणि मी गाऊन घालून पसरलेली. मी काय प्रदर्शनातली म्हैस आहे का?"

"दोनच मिनिटं गं."

"दोन मिनिटं म्हणता म्हणता पाच वर्षं बांधत होतीस इमारत. येऊ देत. मी आपली आत जाऊन बसते."

पॅसेजमध्ये पावलं वाजली तशी आई खरोखरच उठून बाथरूममध्ये गेली आणि कडी लावून घेतली.

आवाज झाल्यावर मोठ्या सिस्टर दोन ढांगांत दाराशी पोचल्या. "आजी? काय झालं?"

आतून लगेच उत्तर आलं. "काही नाही, काही नाही. घसरले जरा."

"लागलंय का?"

"डोकं आपटलं. येऊ नका कुणी. मी अशीच पडलेय." मग आवाज खाली गेला. "ठमे, ते लोक गेले का?"

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघेही बाहेर गेले. शेवटच्याने जाताना खोलीचं दार ओढून घेतलं.

"गेले आई. मी आणि सिस्टरच आहोत."

सिस्टरनी खिशातलं नाणं काढून कडीच्या बाहेरच्या खाचेत घातलं आणि फिरवलं. कडी उघडली. हे सगळं ठरल्याप्रमाणे झालं. दार ढकललं, ते चार बोटं आत गेलं आणि अडलं.

"आई गं!" आतून आवाज आला.

"ढकलू नका," सिस्टर स्वतःलाच म्हणाल्यासारख्या म्हणाल्या. "डोकंच दाराला टेकलंय."

दहा वाजून बेचाळीस. या क्षणापर्यंत आर्किटेक्ट घाबरली होती ती आई पडली म्हणून. सिस्टर चौकटीकडे वळल्या तेव्हा ती निराळ्या कारणाने घाबरली.

ते कारण समजायला थोडं मागे जावं लागेल.

इमारत बांधण्याआधी दोन वर्षं आर्किटेक्टने एकही भिंत कागदावर काढली नव्हती. ती जुन्या वॉर्डात फिरत होती आणि माणसांना एकच प्रश्न विचारत होती: इथे तुमचे हाल कशाने होतात? एकतीस पेशंट आणि सतरा सिस्टर यांची उत्तरं तिने लिहून घेतली. पेशंटांपैकी एकोणीस जण बाथरूमबद्दल बोलले. जुन्या वॉर्डात बाथरूमची दारं बाहेर उघडायची. कडी नीट लागत नसे. एका बाईने सांगितलं होतं की ती आत बसलेली असताना कुणीतरी दार ओढलं, आणि समोरच्या पलंगाच्या पेशंटला भेटायला आलेल्या अख्ख्या कुटुंबाने तिला पाहिलं. त्यानंतर चार दिवस तिने पाणी कमी प्यायलं, म्हणजे जायला नको. हे तिने बैठकीत वाचून दाखवलं. कागदावर फक्त "स्त्री, वय सत्तरच्या आसपास" असं होतं. ती बाई आपली आई आहे हे आर्किटेक्टने कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरज नाही, असं तेव्हा तिला वाटलं.

तिने दार आत उघडणारं घेतलं. आत उघडणारं दार कुणी चुकून ओढलं तरी उघडत नाही, आणि ढकललं तरी आतल्या माणसाला आधी दाराची पाठच आडोसा होते.

मग एका रिकाम्या गोदामात खडूने खोलीची आखणी झाली. भिंती पुठ्ठ्याच्या, पलंग खरा. मोठ्या सिस्टर आपल्या चार जणींना घेऊन आल्या आणि त्या खोट्या खोलीत खऱ्यासारखं काम केलं: पेशंटला उठवणं, सलाइनचा स्टँड फिरवणं, चादर बदलणं. पलंग वीतभर डावीकडे सरकला तो त्याच दिवशी, नळ बदलला तोही त्याच दिवशी. शेवटी पेशंट बाथरूममध्ये पडल्याचा सराव होता. पुठ्ठ्याचं दार सारखं निखळत होतं, म्हणून कुणीतरी त्याजागी चादर टांगली. एक वॉर्डबॉय आत जाऊन आडवा झाला. सिस्टरनी चादर बाजूला सारली, आत गेल्या, त्याला बसता केला. चाळीस सेकंद लागले. आर्किटेक्टने तक्त्यावर बरोबरची खूण केली.

"मॅडम," मोठ्या सिस्टर गुडघे झाडत म्हणाल्या, "चादरीचं काय, ती बिचारी बाजूला होते. दार होणारे का?"

त्यावर पंधरा दिवस वाद झाला. सिस्टर म्हणत होत्या, दार बाहेर उघडू दे. आर्किटेक्ट म्हणत होती, बायकांची लाज बघा. दोघींचंही खरं होतं. अखेर मधला मार्ग निघाला. दार आतच उघडेल, पण त्याची बिजागरी दोन्हीकडे फिरणारी असेल. चौकटीवर बाहेरच्या बाजूने एक लाकडी पट्टी, जिच्यामुळे दार बाहेर येत नाही. ती पट्टी खिळ्यांनी ठोकायची नाही, नुसती खाचेत दाबून बसवायची. पेशंट दारामागे पडला तर दोन बोटांनी पट्टी उपटायची आणि दार आपल्याकडे ओढायचं. मोठ्या सिस्टर प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच दिवशी हे करून दाखवत. "केळ्याचं साल निघतं तशी निघाली पाहिजे," असं त्या सांगत.

आता त्यांनी दोन बोटं पट्टीच्या वरच्या टोकाला घातली आणि ओढली.

पट्टी हलली नाही.

त्यांनी चार बोटं घातली. भिंतीला पाय लावला. नख मोडलं. "काय झालं हिला? दोन महिन्यांपूर्वी तर..."

"स्क्रू आहेत," आर्किटेक्ट म्हणाली.

"काय?"

"चार स्क्रू आहेत. वर रंग लागलाय म्हणून दिसत नाहीत."

सिस्टरनी तिच्याकडे पाहिलं. प्रश्न विचारायला वेळ नव्हता, आणि त्या विचारत बसणाऱ्या नव्हत्या. भिंतीवरचं बटण दाबून त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, दुसऱ्या हाताने टेबलावरचा फोन तिच्याकडे सरकवला. "मिस्त्रींना लावा. स्क्रू काढायचं सगळं घेऊन या म्हणावं. पळत."

मिस्त्री, म्हणजे हॉस्पिटलचे सुतार, तळघरात होते. फोन दोनदा वाजून बंद पडला. तिसऱ्यांदा उचलला.

"सात नंबर, तिसरा मजला. बाथरूमची पट्टी. माणूस आत आहे."

"तुम्हीच लावायला सांगितलेली ना ती?" मिस्त्री म्हणाले. टोमणा नव्हता, त्यांना नक्की कुठली पट्टी ते समजून घ्यायचं होतं.

"हो. या लवकर."

स्क्रूंचं कारण होतं तिचं सहा आठवड्यांपूर्वीचं एक पत्र. पेशंटांना घरी सोडताना जे फॉर्म भरून घेत, त्यांतल्या चाळीसपैकी सव्वीस फॉर्मवर एकच तक्रार होती: एसी सुरू झाला की बाथरूमचं दार टकटक वाजतं, झोप लागत नाही. पट्टी सैल, म्हणून दार हलत होतं. आर्किटेक्टने मधे बसवायला रबर मागवलं. रबर यायला दोन महिने होते. तोवर पट्टी तात्पुरती स्क्रूने आवळून टाका, असं तिने देखभाल विभागाला कळवलं आणि खाली सही केली. काम सुतारकीचं होतं, म्हणून पत्राची प्रत वॉर्डात पाठवली नाही. चोवीस खोल्यांत स्क्रू बसले. टकटक थांबली. पेशंट झोपू लागले, आणि मोठ्या सिस्टरना वाटलं, रबर आलं असेल.

दहा पंचेचाळीस. सिस्टर जमिनीवर पालथ्या झोपल्या होत्या. फटीतून त्यांनी हात खांद्यापर्यंत आत घातला होता. "आजी, हा माझा हात. तुमचं मनगट द्या मला."

"कशाला उगाच," आई म्हणाली. पण दिलं असावं, कारण सिस्टर घड्याळाकडे बघू लागल्या.

आर्किटेक्ट त्यांच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसली. फटीतून तिला फरशीचा एक तुकडा दिसत होता, एक निळी सपात, आणि पांढऱ्या केसांची एक बट. ती फरशी घसरत नाही म्हणून तिने नऊ कंपन्यांचे नमुने ओले करून, त्यांवर स्वतः अनवाणी चालून निवडली होती.

"आई, मिस्त्री येतायत. दोन मिनिटं."

"तुझी दोन मिनिटं..." आई म्हणाली आणि थोडी हसली. मग म्हणाली, "मळमळतंय गं."

सिस्टरनी मान न हलवता विचारलं, "आजी, आज वार कुठला?"

"सोमवार."

बुधवार होता. आर्किटेक्टने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर घड्याळाकडेच बघत होत्या.

"बोलत राहा त्यांच्याशी," त्या हळूच म्हणाल्या. "काहीही बोला. गप्प बसू देऊ नका."

काय बोलावं हे तिला सुचेना. पाच वर्षं ती लोकांना बोलतं करण्याचं काम करत होती. "आई, तू सकाळी काय खाल्लंस?"

"तुला माहितेय."

"नाही ना. सांग ना."

"तुझे बाबा आले की सांग मला." बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

डॉक्टर धावत आले. तरुण होते, चष्मा नाकावरून घसरला होता. परिस्थिती त्यांना एका नजरेत कळली आणि पहिला प्रश्न त्यांनी तोच विचारला ज्याची तिला भीती होती. "रक्त पातळ करायची गोळी सकाळची दिली?"

"आठ वाजता," सिस्टर खालूनच म्हणाल्या.

डॉक्टरांनी बाहेर जाऊन स्कॅनच्या खोलीला फोन केला, आणि तो करताना दार लोटून घेतलं, म्हणजे तिला ऐकू जाऊ नये. ते दार इतकं छान बसवलेलं होतं की तिला खरोखरच एक शब्द ऐकू आला नाही.

दहा एकोणपन्नास. "आई?"

उत्तर नाही.

"आई, ऐकू येतंय का? आई. ए आई!"

"नाडी आहे," सिस्टर म्हणाल्या. "सावकाश आहे, पण आहे. ओरडू नका. बोला."

ती बोलत राहिली. आपण काय बोललो ते तिला नंतर आठवलं नाही. सिस्टरच्या म्हणण्याप्रमाणे ती तीन मिनिटं आईला खिडकीची उंची सांगत होती.

मिस्त्री दहा बावन्नला पोचले. लिफ्ट पलंगांसाठी राखीव, म्हणून चार मजले जिन्याने आले होते. साठीचा माणूस, बोलायला दम उरला नव्हता. हाताने चाचपून त्यांनी रंगाखालचे स्क्रू शोधले, टोकाने रंग खरवडला. पहिला निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याच्या खाचेत रंग इतका घट्ट बसला होता की स्क्रू-ड्रायव्हर सटकून त्यांच्या तळहातात घुसला. त्यांनी हात पँटला पुसला आणि पुन्हा लावला.

"मिस्त्री, उखडून टाका ना सरळ," आर्किटेक्ट म्हणाली.

"उखडली तर चौकट आत जाईल. त्यांच्या डोक्यावर. थांबा जरा, ताई."

आजवर ते तिला मॅडम म्हणत आले होते.

दहा पंचावन्नला पट्टी सुटली आणि दार बाहेर आलं.

पुढचं सगळं फार सुरळीत झालं. बाथरूमचं तोंड एवढं रुंद होतं की चौघांना आत वाकता आलं. पलंगाची चाकं एका खटक्यात सुटली. पॅसेजच्या कोपऱ्यावर पलंग एकदाही मागेपुढे न करता वळला, कारण तो कोपरा गोदामात तीन वेळा बदललेला होता. लिफ्ट उभी होती. दहा एकोणसाठला आई स्कॅनच्या खोलीत होती. आर्किटेक्ट पलंगाबरोबर पळत होती आणि वाटेत एकही गोष्ट अडली नाही.

सव्वाअकराला डॉक्टरांनी सांगितलं: कवटी आणि मेंदू यांच्या मधे रक्त साठतंय. गोळीचा असर उतरवायचं इंजेक्शन दिलं आहे. रक्त थांबलं तर ऑपरेशन टळेल. थांबलं की नाही ते संध्याकाळी दुसऱ्या स्कॅनमध्ये कळेल.

"पंधरा मिनिटं आधी दिलं असतं तर?" तिने विचारलं.

"असं नाही सांगता येत," डॉक्टर म्हणाले. मग, ती बघतच राहिली म्हणून, "लवकर दिलेलं केव्हाही बरं."

बाराच्या सुमारास तिने दादाला, मोठ्या भावाला, फोन केला. तो दुसऱ्या शहरात होता.

"पडली? अशी कशी पडली? तू कुठे होतीस?"

"खोलीतच."

"खोलीतच म्हणजे? मग उचललं का नाही लगेच?"

"दार उघडेना."

"अगं, दार तूच केलंयस ना ते?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. मग तो म्हणाला, "बरं, राहू दे. मी निघतो. संध्याकाळपर्यंत येतो. तू खाल्लंस का काही?"

आईला अतिदक्षता विभागात नेलं होतं; नातेवाइकांनी बसायची जागा त्याच्या बाहेर होती. तिथल्या खुर्च्या दाराकडे पाठ करून ठेवलेल्या होत्या. तशा ठेवा असं नातेवाइकांनीच सांगितलं होतं. दार उघडलं की दर वेळी काळजात धस्स होतं, त्यापेक्षा झाड दिसलेलं बरं, असं एका म्हाताऱ्या गृहस्थाचं म्हणणं तिने लिहून घेतलं होतं. तिने एक खुर्ची उचलली, फिरवली आणि दाराकडे तोंड करून बसली. थोड्या वेळाने शेजारच्या बाईंनीही आपली फिरवली.

तीन वाजता मोठ्या सिस्टर आल्या. उजव्या दंडावर दाराच्या कडेचा लाल वळ उठला होता.

"पत्र कुणाचं होतं?" त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं.

"माझं."

"वॉर्डला का नाही आलं?"

"सुतारकाम म्हणून... माझ्या डोक्यातच आलं नाही."

सिस्टरनी शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"गोदामात सगळं विचारलंत हो आम्हाला," त्या म्हणाल्या. "नळाची उंचीसुद्धा विचारलीत." आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या. "मीही उपटून बघायला हवी होती. दर सोमवारी बघायचे आधी. वाजायची थांबली, मला वाटलं, सुटलो."

"बाकीच्या खोल्या?"

"मिस्त्री काढतायत. हाताला तीन टाके घेतले आणि परत कामाला लागले, ऐकत नाहीत. तोवर कुणी कडी लावायची नाही आणि प्रत्येक दाराशी एक मावशी उभी. बारा नंबरचे आजोबा चिडलेत. म्हणतात, बाहेर कुणी राखण करत असेल तर माझं काम होत नाही."

आर्किटेक्ट हसली आणि तिचं हसू मधेच तुटलं. सिस्टरनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, दोनदा थोपटला आणि ड्यूटीवर परत गेल्या.

चारच्या सुमारास तिला दोन मिनिटं आत सोडलं. आईच्या कपाळाच्या उजव्या बाजूला टेंगूळ होतं, पुरीएवढं. डोळे मिटलेले. "आई," ती म्हणाली. आईने उजव्या हाताची बोटं हलवली. डाव्या हाताची हलवली नाहीत. तिने डावा हात हातात घेतला, दाबला, वाट पाहिली. गाऊनची कड गुडघ्याच्या वर सरकली होती. ती तिने नीट खाली ओढली आणि चादर कमरेपर्यंत घेतली.

"आणखी एकदा हाक मारू का?" तिने विचारलं.

"झोपू दे," आतली सिस्टर म्हणाली. पण आई झोपली आहे असं ती म्हणाली नव्हती, हे बाहेर आल्यावर आर्किटेक्टच्या लक्षात आलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी आईला दुसऱ्या स्कॅनसाठी नेलं. पाच वीसला मिस्त्रींचा फोन आला: एकोणीस पट्ट्या सुटल्या, पाच राहिल्या, आणि सुटलेल्या आता परत वाजतायत, चालेल का?

"वाजू देत," ती म्हणाली.

पाच पस्तीसला स्कॅनच्या खोलीचं दार उघडलं. पलंग बाहेर आला आणि तिच्या समोरून गेला, पण अतिदक्षता विभागाकडे वळला नाही. तो लिफ्टकडे गेला. त्या मजल्याच्या वर फक्त ऑपरेशन थिएटर होतं. तिने डॉक्टरांना हाक मारली. "रिपोर्ट बघतोय, येतो," असं म्हणून ते पलंगाबरोबर आत शिरले.

लिफ्टच्या दारावरचा बाण वर दाखवत होता. दादा अजून पोचला नव्हता. पाच एक्केचाळीसपर्यंत तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.